गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरी बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे समोर डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्यांना धरून लिहिली आहेत. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, ग्रँड आय-टेन अशा आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्या बहुधा याच घडणीच्या असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लावल्यावर दोन पॅडमध्ये दाबल्या जाणाऱ्या ज्या लोखंडी चकतीला पुस्तकांत रोटर म्हटलेले असते तिला आपले मेकॅनिक डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात, म्हणून येथेही डिस्क हाच शब्द वापरला आहे.

हे काम खरोखर घरी करण्याजोगे आहे का?

आहे, मात्र ज्याने स्वतःच्या हाताने स्टेपनी बदलली आहे, ज्याच्याकडे सपाट, पक्की जागा आहे आणि ज्याला निम्म्या कामात थांबून मदत मागण्याचा संकोच वाटत नाही, अशा माणसासाठी. जुने पॅड काढून नवे बसवणे हा भाग एका चाकाला अर्ध्या तासाचा आहे. उरलेले दोन-तीन तास साफसफाई, तपासणी आणि मोजमाप यांत जातात आणि माझ्या मते ब्रेकचे काम घरी करण्याचे खरे कारण तेच आहे. गर्दीच्या वेळी गॅरेजमध्ये नेमका हाच भाग गाळला जातो.

मला हे ताम्हिणी घाट उतरताना कळले. माणगावच्या बाजूला पोहोचेपर्यंत डाव्या चाकातून जळका वास येऊ लागला होता. चाक काढून पाहिले तर आतल्या बाजूचा पॅड पार लोखंडापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक. पॅड आठच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलले होते. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या पिना तेव्हा कोणी बाहेर काढूनही पाहिल्या नव्हत्या. त्यांतली एक गंजून जागेवर बसली होती.

कोणत्या परिस्थितीत घरी हात घालू नये?

ब्रेक ऑइल कुठून तरी गळत असेल, कॅलिपरमधल्या पिस्टनवरचे, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यावरचे, रबर फाटलेले असेल, रबरी होज पाइपला चिरा पडल्या असतील किंवा पेडल मुळातच नरम पडून खाली जात असेल, तर प्रश्न पॅडचा नाही आणि गाडी जाणकाराकडेच न्यावी. मागेही डिस्क असलेल्या आणि बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्यांत मागचे पॅड काढण्यापूर्वी ती यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते; ते न करता पिस्टन दाबल्यास आतली मोटर किंवा गिअर तुटतात. ज्या गाड्यांत हँडब्रेकची केबल मागच्या कॅलिपरलाच जोडलेली असते, तेथे पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, तो खास हत्याराने फिरवत आत न्यावा लागतो. काही जुन्या गाड्यांत समोरची डिस्क हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या, मागून जोडलेली असते आणि ती काढायला हबच ओढून काढावा लागतो. तेवढे काम घरच्या हत्यारांत होत नाही.

पॅड संपत आले हे कसे ओळखावे?

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मि.मी. जाडीचा असतो. तो ३ मि.मी. राहिला की पॅड बदलावेत. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक, टोचणारी किरकिर ऐकू येते. ही किरकिर ऐकू आल्यावर थोडे दिवस हातात असतात. खरखर किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तर मात्र गाडी त्याच दिवशी थांबवावी.

चाकाच्या फटीतून डोकावून पाहिल्यावर फक्त बाहेरचा पॅड दिसतो आणि तो धडधाकट दिसला म्हणून आतला तसाच असेल असे मानणे चुकीचे आहे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मोबाइलचा कॅमेरा चाकामागे धरावा आणि आतल्या पॅडचा फोटो काढून पाहावा. यासाठी चाक काढण्याचीही गरज पडत नाही.

आणखी एक खूण बॉनेटखाली असते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची पोकळी ब्रेक ऑइलने भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते. पुष्कळ जण अशा वेळी नुसते ऑइल भरून मोकळे होतात. पातळी का उतरली हे पॅड पाहूनच ठरवावे, कारण नवे पॅड बसवताना तेच ऑइल परत टाकीत येते आणि वर भरलेली टाकी सांडते.

पॅडबरोबर डिस्कही बदलावी का? लेथवर मारून (तासून सपाट करून) घेतली तर चालते का?

याचे उत्तर डिस्कवरच कोरलेले असते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर इंग्रजीत किमान जाडीचा आकडा असतो, आणि बहुतेक छोट्या गाड्यांत तो नव्या डिस्कच्या जाडीपेक्षा सुमारे २ मि.मी.ने कमी असतो. म्हणजे दोन्ही बाजू मिळून एवढीच झीज निर्मात्याने गृहीत धरलेली आहे. मोजताना एक फसगत होते: पॅड जेथे पोहोचत नाही तेथे डिस्कच्या कडेला उंचवटा राहतो, आणि साध्या व्हर्नियरचे जबडे त्या उंचवट्यावर टेकून जाडी जास्त दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर एकाच किमतीची, सारख्या जाडीची दोन नाणी डिस्कच्या दोन्ही बाजूंना घासल्या जाणाऱ्या भागावर धरावीत, नाण्यांवरून माप घ्यावे आणि दोन नाण्यांची जाडी त्यातून वजा करावी. डिस्कभर सहा-आठ ठिकाणी मोजावे. सर्वांत कमी आलेला आकडा खरा मानावा.

जाडी शिल्लक असेल, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत नसेल, तर जुनी डिस्क तशीच ठेवून फक्त पॅड बदलणे पूर्ण योग्य आहे. बोटाच्या नखाला लागणाऱ्या बारीक रेघा सहसा नव्या पॅडबरोबर जुळून जातात. खोल चर, उष्णतेने पडलेल्या भेगा, निळसर डाग किंवा किमान जाडीच्या जवळ आलेला आकडा यांपैकी काहीही दिसले तर डिस्क बदलावी.

लेथवर डिस्क मारून घेण्याची आपल्याकडे फार रूढ असलेली पद्धत मला पटत नाही. लेथवर आणखी जाडी जाते, पातळ डिस्क लवकर तापते, आणि ज्या थरथरीसाठी ती मारून घेतली ती अनेकदा डिस्कची नसून तिच्यामागच्या गंजाची असते. जाडी भरपूर असेल आणि मारल्यानंतरही किमान आकड्याच्या बरीच वर राहणार असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा.

एकाच बाजूचे पॅड झिजले असतील तर तेवढेच बदलावेत का?

नाही. समोरच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्कही जोडीनेच बदलावी, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर हे फार धोक्याचे आहे. शिवाय एकच बाजू जास्त का झिजली याचे कारण शोधल्याशिवाय नवे पॅड बसवू नयेत.

सुटे भाग कोणते आणि कोठून घ्यावेत?

गाडीच्या कंपनीचे अधिकृत भाग घेणे हा सरळ मार्ग आहे. बॉश, राने किंवा ब्रेक्स इंडिया यांसारख्या जुन्या निर्मात्यांचे पॅडही चांगले चालतात. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे आणि प्रत्येक शहरात अशी एखादी गल्ली असतेच, पण तेथे जाताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चासी क्रमांक बरोबर ठेवावा, कारण एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक वेगळी डिस्क असू शकते. बिल न देणाऱ्या दुकानातून ब्रेकचे सामान घेऊ नये. नव्या पॅडचा आकार, खाचा आणि जिभेची बाजू जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुने पॅड टाकून देऊ नयेत.

पॅडबरोबर, ते ज्यांत बसतात त्या क्लिपांचा नवा संच मिळत असेल तर तोही घ्यावा.

कोणती हत्यारे लागतात?

चाकाचे नट खोलायला गाडीबरोबर आलेला पाना, कॅलिपरच्या बोल्टसाठी सहसा १२ किंवा १४ नंबरचा आणि कॅलिपर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या बोल्टसाठी बहुधा १७ नंबरचा गोटी पाना, लांब दांडा, पिस्टन दाबायला सुताराकडे असतो तसा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीच बनवलेले सिलिकॉन ग्रीस, सुईशिवायची मोठी सिरिंज, मजबूत तार, हातमोजे आणि मास्क. टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, असेल तर उत्तम. गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा दोन घोड्या (जॅक स्टँड) मात्र असल्याच पाहिजेत, त्यांच्याशिवाय हे काम सुरूच करू नये.

गाडी उचलताना काय काळजी घ्यावी?

गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. हे वाक्य वाचून पुढे जाणारेच पुढे संकटात सापडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करावी; डांबर उन्हात मऊ पडते, पेव्हर ब्लॉक दबतात आणि मातीत जॅक रुततो. पहिला गिअर टाकावा, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत, कारण उचललेल्या गाडीवर दांडा ओढला की ती हलते. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून उचलावी, घोडी नेमक्या मजबूत जागेखाली बसवावी, जॅक हळूच उतरवून वजन घोडीवर घ्यावे आणि गाडी हाताने हलवून पाहावी. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे काही घसरलेच तर गाडी चाकावर बसेल. विटा, दगड किंवा फरश्यांच्या थरावर गाडी कधीही ठेवू नये. वीट आधी तडकत नाही, एकदम फुटते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम कसा असावा?

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे काही अडले तर दुसऱ्या बाजूची जोडणी नमुना म्हणून समोर राहते. सुरुवातीला आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढावेत.

चाक काढल्यावर स्टिअरिंग अशा बाजूला वळवावे की कॅलिपरची मागची बाजू बाहेर येईल. कॅलिपरच्या दोन बोल्टपैकी खालचा काढून कॅलिपर वर उचलता येतो आणि फक्त पॅड बदलायचे असतील तर तेवढे पुरते. डिस्क काढायची असेल तर दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर पूर्ण बाजूला घ्यावा आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवावा. तो रबरी होजवर लोंबकळू देऊ नये. होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यानंतर पॅड काढावेत, ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढून ब्रॅकेट सोडवावे आणि डिस्क ओढून घ्यावी.

नवी डिस्क गंज लागू नये म्हणून तेलाचा हात देऊन आलेली असते. ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजू पुसल्याशिवाय ती बसवू नये आणि पुसल्यावर पृष्ठभागाला बोटे लावू नयेत. ब्रॅकेटवर पॅडच्या क्लिपा जेथे बसतात तेथे गंज फुगून जागा अरुंद झालेली असते, ती तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करावी. नवा पॅड त्या जागेत बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर साफसफाई अपुरी आहे. तसा ठोकलेला पॅड पुढे डिस्कला चिकटून राहतो.

मग डिस्क, ब्रॅकेट, पॅड आणि कॅलिपर या क्रमाने जोडणी करावी. हे काम चालू असताना गाडीत कोणीही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवणार नाही असे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे, विशेषतः मुलांना. पॅड नसताना पेडल दाबले गेले तर पिस्टन बाहेर येतो आणि घरचे काम तेथेच थांबते.

डिस्क निघतच नाही. काय करावे?

काही गाड्यांत डिस्क एक-दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते आणि ते स्क्रू फार घट्ट बसलेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात. हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरावा. अनेक डिस्कांच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे, बहुधा ८ मि.मी.चे, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच हबपासून सुटते. भोके नसतील तर मधल्या वर्तुळाभोवती गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबावे आणि बोल्टांच्या मधल्या जागेवर सर्व बाजूंनी बेताने ठोकावे. ठोकण्यापूर्वी गाडी घोडीवर नीट बसली आहे ना हे पुन्हा पाहावे. जी डिस्क परत वापरायची आहे तिच्यावर हातोडी चालवू नये.

पिस्टन आत कसा दाबावा?

ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे, जुना पॅड पिस्टनवर धरावा आणि सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबावे. ब्रेक ऑइल रंगाला खाते. बॉनेटवर किंवा फेंडरवर थेंब पडला तर पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावा. पिस्टन अर्ध्यात अडकला किंवा वाकडा जाऊ लागला तर जोर करू नये, कॅलिपर दुरुस्तीला आला आहे असे समजावे.

हब इतका घासून साफ करण्याचा आग्रह कशासाठी?

कारण ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरण्याची मुळे पुष्कळदा येथेच असतात. डिस्क हबच्या सपाट तोंडावर टेकते. या तोंडाचा व्यास समजा १३० मि.मी. आहे आणि डिस्कचा २५०. हबच्या कडेला ०.०५ मि.मी.ची, म्हणजे कागदाहूनही पातळ, गंजाची एक खपली राहिली, तर डिस्क तेवढी तिरकी बसते आणि तिची कड सुमारे ०.१ मि.मी. डुलते. पुष्कळ गाड्यांत डुलण्याची कमाल मर्यादाच ०.१ मि.मी.च्या आसपास असते. अशी डिस्क फिरताना प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी निसटती घासत राहते, तेथे ती किंचित पातळ होते आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर मालक म्हणतो की नवी डिस्कच वाकडी निघाली.

म्हणून तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचे तोंड, बोल्टांच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याभोवती चमकेपर्यंत घासावे, फडक्याने पुसावे आणि मग हाताने चाचपावे. डोळ्यांना न दिसणारी खपली बोटांना लागते. डिस्क बसवल्यावर दोन-तीन नट उलटे लावून ती हबला दाबून धरली आणि हाताने फिरवली की डुलते का हे बरेचसे कळते.

पिनांना कोणते ग्रीस लावावे आणि झिजेवरून काय समजते?

काढलेले चारही पॅड फरशीवर ज्या जागेचे त्या क्रमाने मांडून ठेवावेत. बाहेरच्यापेक्षा आतला पॅड बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल तर एक पिन जाम आहे किंवा पॅड त्याच्या खाचेत अडकतो आहे. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर कॅलिपर किंवा होज तपासून घ्यावा. आतला आणि बाहेरचा पॅड थोड्याफार फरकाने सारखेच झिजले असतील तर यंत्रणा नीट चालली आहे.

दोन्ही पिना पूर्ण बाहेर काढून जुने, घट्ट झालेले ग्रीस पुसावे आणि पिनांची भोकेही आतून साफ करावीत. पिनेवर गंजाने खड्डे पडले असतील तर ती बदलावी. वरची आणि खालची पिन दिसायला सारखी असली तरी एकीवर अनेकदा रबराची नळी असते, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ग्रीस ब्रेकसाठीच बनवलेले सिलिकॉनचे असावे. बेअरिंगचे साधे ग्रीस येथे लावणे ही फार जुनी आणि फार महाग पडणारी सवय आहे, कारण ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते आणि फुगलेले रबर पिनेला घट्ट आवळते. ग्रीस पातळ थरात लावावे. भोक ठासून भरल्यास आत अडकलेली हवा पिनेला बाहेर ढकलत राहते. काम झाल्यावर कॅलिपर दोन बोटांनी मागेपुढे सरकला पाहिजे.

बोल्ट किती घट्ट करावेत?

नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावा. अंदाज यावा म्हणून सांगतो: अशा छोट्या गाड्यांत पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे ८० ते १०० आणि चाकाचे नट साधारण ८५ ते १२० या पट्ट्यात असतात. टॉर्क पाना नसेल तर अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे जवळपास १०० न्यूटन मीटर, हे गणित उपयोगी पडते. याउलट ७० किलो वजनाचा माणूस ४० सें.मी.च्या दांड्यावर उभा राहिला तर २७० न्यूटन मीटरपर्यंत जोर लागतो. त्यामुळे बोल्ट ताणले जातात, आणि नट असमान आवळल्याने डिस्कही हबवर ताणली जाते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत आणि अखेरची आवळणी चाक जमिनीला टेकल्यावर करावी. पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत.

काम संपल्यावर लगेच गाडी चालवून पाहावी का?

नाही. आधी इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल सावकाश, पुन्हा पुन्हा दाबावे. आत ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत पोहोचायला पाच-सहा वेळा पाय मारावा लागतो आणि तोवर गाडीला ब्रेक नसतो. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा मी हे विसरलो आणि पार्किंगमध्ये गाडी मागे घेतली. पेडल फरशीपर्यंत गेले, हँडब्रेक ओढून गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या वेळी मागे कोणी उभे नव्हते एवढेच म्हणता येईल. तेव्हापासून मी किल्ली घरात ठेवतो आणि पेडल घट्ट झाल्यावरच ती आणतो.

पेडल घट्ट झाल्यावर टाकीतील पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये आहे का पाहावे, इंजिन सुरू करून पेडल पुन्हा दाबावे आणि रस्त्यावर न जाता माणसाच्या चालण्याच्या वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. पेडल तरीही स्पंजसारखे लागत असेल तर रस्त्यावर जाऊ नये, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्यावी.

नवे पॅड जुळवून घेणे म्हणजे काय?

ब्रेक केवळ घासण्याने लागत नाही. पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसल्यावर त्याची पकड पूर्ण होते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो पहाटे, गाडी ताशी ५० ते ६० कि.मी.वर न्यावी, मध्यम जोराने १० पर्यंत आणावी आणि पुन्हा वेग घ्यावा. असे आठ-दहा वेळा, मध्ये थोडे अंतर सोडून करावे. या काळात गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नये, कारण तापलेला पॅड एकाच जागी टेकून राहिला की तेथे द्रव्य जास्त चिकटते आणि पुढे थरथर जाणवते. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेकचा कमीत कमी वापर करत गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. पॅडच्या खोक्यावर निर्मात्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.

पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. काळजी करावी का?

डिस्क बिडाच्या लोखंडाची असते, तिला एका रात्रीत गंजाचा हलका थर येतो आणि तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. काळजी कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांची करावी. खाऱ्या हवेत डिस्कवर खड्डे पडतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. गणपतीला गावी जाऊन घरची उभी असलेली गाडी बाहेर काढणाऱ्यांनी आधी चाके मोकळी फिरतात का ते पाहावे. गाडी धुतल्यावर लगेच उभी न करता एक फेरी मारून ब्रेक लावून वाळवली तर हा त्रास बराच कमी होतो.

घाट उतरताना ब्रेक किती तापतात?

लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५५० मीटर खाली येतो. माणसांसह ११०० किलो भरणारी गाडी हा उतार उतरते तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी ८० कि.मी. वेगावरून पूर्ण थांबवायला २.७ लाख ज्यूल लागतात. म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकला तर एका घाटात अशी वीसहून अधिक थांबवणी होतात आणि मध्ये डिस्क थंड होण्यास उसंत मिळत नाही. टायर आणि हवा काही वाटा घेतात, पण मोठा वाटा इंजिनानेच घ्यायला हवा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरावा. पेडल सतत हलके दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ नेटाने ब्रेक लावून सोडून द्यावा. गाडी न्यूट्रल करून उतरवणे हा डिझेल-पेट्रोल वाचवण्याचा मार्ग नाही. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठाच थांबतो.

ब्रेक ऑइलही बदलावे का?

दोन वर्षे झाली असतील तर बदलावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ दर्जाचे ऑइल ताजे असताना किमान २०५ अंश आणि डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. घाटात ते उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल खाली जाते. झाकणावर जे लिहिले असेल तेच ऑइल, सीलबंद डब्यातून वापरावे. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते इतर ऑइलमध्ये मिसळू नये. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा शिरली तर ती काढायला काही वेळा स्कॅनर लागतो, म्हणून ऑइल बदलण्याचे काम पहिल्या वेळी तरी जाणकाराबरोबर करावे.

मागच्या ड्रमचे काय?

ड्रमच्या आत पॅडचे काम करणाऱ्या मागच्या लायनरवर वजन कमी पडते, त्यामुळे ते समोरच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात. दोनदा पॅड बदलताना एकदा ड्रम उघडून साफ करून घेणे पुरते. स्प्रिंगा आणि ॲडजस्टर यांची जुळणी अधिक कटकटीची असल्याने सुरुवात मात्र समोरच्या चाकांपासूनच करावी.

ब्रेकची धूळ आणि जुने भाग यांची विल्हेवाट कशी लावावी?

धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधावे आणि काम करताना मास्क काढू नये. काढलेल्या डिस्क भंगारवाला बिडाच्या भावाने घेतो. सिरिंजने काढलेले ब्रेक ऑइल परत टाकीत ओतू नये आणि गटारात किंवा झाडाच्या मुळाशीही टाकू नये. झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, वापरलेले इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये ती वेगळी म्हणून द्यावी.